टेस्टच्या टेबलावरचा नारळ

सगुणाला फ्रेंचमध्ये भांडता येत होतं. नुसतं बोलता येत नव्हतं.

म्हणजे बांगडे शिळे आहेत हे ती फ्रेंचमधून असं ऐकवायची की विकणाऱ्याने टोपली तिथेच टाकून संन्यास घ्यावा. दारू पिऊन दारात झुलणाऱ्या सैनिकाला बाहेर कसं काढायचं, आणि काढण्याआधी त्याच्याकडून जेवणाचे पैसे कसे वसूल करायचे, हेही तिला तोंडपाठ होतं. पण 'माझं नाव सगुणा, मी वेल्डर आहे' एवढं म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची, करंट कमी पडल्यावर रॉड लोखंडाला चिकटतो तशी.

सगळा दोष नूरबानो खालाचा.

नूरबानो खाला रोह्याला नदीपलीकडे, अष्टमीत राहायची. तिचा नवरा शरीफ जिबूतीच्या बंदरावर मेकॅनिक होता. जिबूती म्हणजे आफ्रिकेच्या कोपऱ्यातला, तव्यासारखा तापणारा एक चिमुकला देश, आणि तिथे फ्रेंच सैनिकांची छावणी. खालाने छावणीबाहेर खाणावळ काढली. अर्धं आयुष्य तिने गोऱ्या सैनिकांना कोकणी मटण खाऊ घातलं आणि त्यांच्याकडून भाषा उचलली. सैनिकांकडून जशी भाषा मिळते तशीच मिळाली. म्हातारपणी दोघं अष्टमीला परतली, शरीफचाचा वारले, आणि खालाची मोठीच पंचाईत झाली. भांडायला कुणी उरलं नाही. मराठीत भांडायला अख्खी अष्टमी होती, उर्दूत भांडायला जाऊबाई होती, पण फ्रेंचमध्ये भांडायचं सुख निराळंच, असं तिचं म्हणणं.

त्यामुळे सगुणा धाटावच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये कामाला लागली आणि खालाच्या मागच्या खोलीत राहायला आली, तेव्हा खालाने एकच अट घातली. "सांजची मगरीबची अजान झाली की माझ्या सैपाकघरात मराठी चालायची नाय. मीठ पायजे तर फ्रेंचमधून माग. नाय तर अळणी खा."

सगुणा बरेच दिवस अळणी जेवली. मग शिकली.

आता मिठावाचून जेवणं ही सगुणाच्या घराण्याला शोभणारी गोष्टच नव्हे. तिची आई काशीबाई पेणच्या खाडीकडची, जन्म मिठागरात राबण्यात गेलेला. काशीबाईला दोन गोष्टी कळत होत्या, मीठ आणि माणसं, आणि दोन्हींचं वाटोळं पाण्याने होतं असं तिचं पक्कं मत होतं. लेक आयटीआय करून वेल्डर झाली तेव्हा तिने गावभर सांगितलं, "आमची सगुना लोखंर डागते." सूर असा, जणू लेकीला कुठली तरी लाजिरवाणी पण फायदेशीर खोड लागलीय.

पावसाळ्यात सगुणा सुट्टीला घरी येताना रॉडची पाकिटं आणायची, गावातल्या गेटांची आणि ग्रिलांची किरकोळ कामं करायला, आणि ती थेट तांदळाच्या डब्यात खुपसायची. "आये, रॉडला दमट लागलं की संपलं. ओल्या रॉडने जोड घातला तर आत बुडबुडे राहतात. वरून काय दिसत नाय, पण वाकवला की फाटतो." हे तिने आईला इतक्यांदा ऐकवलं होतं की काशीबाईने ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात आणखी एक माणूस होतं, पण ते पटकन नजरेत भरायचं नाही. सगुणाचे वडील काळुराम. सगुणा अंगणवाडीत होती तेव्हा ते फिटर म्हणून आखातात गेले आणि ती दहावीची तयारी करत होती तेव्हा परतले. परतल्यापासून ते स्वतःच्याच घरात असे वागत, जणू उद्या कुणी बिल हातात ठेवेल. सकाळी चादरीची घडी घालून उशीवर ठेवणार, लेबर कॅम्पात घालायचे तशी. जेवले की ताट स्वतः घासून उपडं घालणार. पाणी प्यायचं तर विचारणार, "जरा पानी घेऊ काय?" शेजारच्या बायका म्हणत, काशे, नशीब काढलंस गो, नवरा भांडी घासतो. काशीबाई काही बोलायची नाही. काशीबाईने काही न बोलणं ही वाईट खूण असते, पण ती ओळखायला जवळचं माणूस लागतं आणि जवळचं माणूस तर पाणी विचारून पीत होतं.

तर अशा घरातल्या सगुणाला कमळाकर एजंटाचा फोन आला.

कमळाकरचं ऑफिस रोह्याला एका मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर होतं. विमा, जातीचा दाखला, सौदीचा व्हिसा आणि नवरी मुलगी यांपैकी काहीही तो मिळवून द्यायचा, आणि चारही कामं एकाच आवाजात बोलायचा. त्याने सांगितलं, कॅनडात क्युबेक नावाच्या प्रांतात ट्रेलर बनवणारी एक कंपनी आहे, तिला वेल्डर हवेत, आणि तिथले लोक फ्रेंच बोलतात.

"कॅनडात तर पंजाबी बोलतात," सगुणा म्हणाली. रोहा-पेण भागात याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

"ते तिकडच्या बाजूला. या बाजूला फ्रेंच. त्यांचा माणूस स्वतः येतोय इकडे. आधी फ्रेंचमध्ये गप्पा, मग वेल्डिंग टेस्ट, दोन्ही एकाच दिवशी. नापास झालं त्याला परत बोलावत नाहीत. अख्ख्या रायगडात फ्रेंच येणारी वेल्डर मला एकच ठाऊक आहे, आणि ती माझ्या ऑफिसखाली उभी राहून रिचार्जवाल्याला फ्रेंचमध्ये शिव्या देते."

सगुणाला जायचं होतं. किती, तर इतकं, की तिने खालाला सांगितलं, आता भांडण बंद, सभ्य फ्रेंच शिकव. खालाने बराच विचार केला आणि कबूल केलं की सभ्य फ्रेंच तिला फारसं येत नाही. एक वाक्य होतं फक्त, खाणावळीत शिरणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं: या, बसा, जेवलात का? दोघींनी तेवढंच घोटलं.

आईला सगुणाने फोनवर सांगितलं. वाटलं, आता फोनमधून हात बाहेर येईल. पण काशीबाई एवढंच म्हणाली, "बरं."

"बरं म्हंजे?"

"बरं म्हंजे बरं. टेस्टला मी येते. नारल घेऊन."

सगुणाला इतका आनंद झाला की शंका घ्यायचं राहूनच गेलं. तसं त्यात नवल काही नव्हतं. या भागात रिक्षा असो, पिठाची गिरणी असो, नवं मशीन नारळाशिवाय सुरू होतच नाही. कंपन्यांमध्ये मोठमोठ्या क्रेनना हार घालून, नारळ फोडून मग बटण दाबतात. मग लेकीच्या टेस्टला आईने नारळ आणला तर बिघडलं कुठे?

टेस्टच्या दिवशी काशीबाई पेणहून गाडीत बसून रोह्याला उतरली. पिशवीत नारळ, हळदकुंकू, अगरबत्ती आणि सुक्या जवळ्याची पुडी, साहेबाला द्यायला. स्टेशनावर खाला आणि सगुणा उभ्याच होत्या. दोन्ही बायकांनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच काय ती, माज्या पोरीला परदेशाची बोली शिकवनारी?" काशीबाई म्हणाली.

"मीच. आणि तूच काय ती, पोरीला भात नाय शिकवला? गिचका करते पार."

"लोखंर चांगला शिजवते ती."

"ते खाता येत नाय ना काशीबाय."

तिथून टेस्ट होती त्या धाटावच्या शेडपर्यंत दोघी रिक्षात एकमेकींच्या बाजूला बसून सगुणाचे दोष मोजत राहिल्या आणि उतरेपर्यंत त्यांची चांगलीच मैत्री झाली.

शेडमध्ये कमळाकर काळा गॉगल लावून उभा होता, आत अंधार असूनही. साहेबाचं नाव बेन्वा. लालबुंद चेहऱ्याचा, पिकल्या मिशांचा, दणकट माणूस. पूर्वी स्वतः वेल्डर होता, हातावर ठिणग्यांचे जुने डाग होते. टेस्ट सोपी होती, म्हणजे सांगायला. दोन जाड प्लेटी उभ्या जोडायच्या, मग जोडातून पट्टी कापून प्रेसमध्ये वाकवायची. वाकली तर पास. फाटली तर घरी. रॉड साहेबाने स्वतः गरम डब्यात ठेवले होते. डबा विजेवर तापतो, रॉडला दमट लागू देत नाही. सगुणाच्या टेबलाशेजारी तिचा डबा ठेवून, वायर लावून, तो तिला गप्पांसाठी बाजूच्या केबिनमध्ये घेऊन गेला. खाला न विचारताच मागोमाग गेली. काशीबाई म्हणाली, "मी इकरंच थांबते. पूजा उरकून घेते."

केबिनमध्ये बेन्वाने फ्रेंचमध्ये सांगितलं, स्वतःबद्दल बोला.

सगुणाची जीभ टाळ्याला चिकटली. कोपऱ्यात खालाने डोळे वटारले. मग सगुणाच्या तोंडून घोटलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "या, बसा. जेवलात का?"

बेन्वा बसलेलाच होता. तरी तो पुन्हा नीट बसला. म्हणाला, नाही, खरं म्हणजे सकाळपासून एक बिस्किट खाल्लंय.

"एक बिस्किट?" सगुणा म्हणाली, आणि तिथून तिला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. एवढा मोठा माणूस, एका बिस्किटावर, लाज नाही का वाटत तुमच्या कंपनीला? आता तो खालाच्या खाणावळीतलाच कुणी तरी झाला होता आणि खाणावळीतल्या माणसाशी काय बोलायचं हे सगुणाला पुरेपूर ठाऊक होतं. बेन्वाने विचारलं, सोबतचा कामगार ऐकत नसेल तर काय कराल? सगुणा म्हणाली, कॉलर धरून दाराबाहेर काढीन. मग चुकल्यासारखं वाटून पुढे म्हणाली, पण आधी त्याचं जेवण होऊ देईन. बेन्वा इतका हसला की मिशा ओल्या झाल्या. त्याने विचारलं, ही भाषा कुठे शिकलात? खाला कोपऱ्यातून म्हणाली, माझ्याकडे, आणि तुमचे उच्चार फार वाईट आहेत.

पहिली परीक्षा पास.

सगुणा नाचतच टेबलाशी आली. काशीबाईने पूजा आटोपली होती. मशीनला हळदकुंकू, हेल्मेटला हळदकुंकू, टेबलाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू, कमळाकरच्या कपाळालाही, गॉगलच्या वर. नारळाची दोन शकलं टेबलाखाली होती. काशीबाई हात पदराला पुसत भिंतीला टेकून उभी होती आणि लेकीकडे बघत नव्हती.

सगुणाने जाड चामडी हातमोजे चढवले, डब्यातून रॉड घेतला, हेल्मेट खाली ओढलं आणि काम सुरू केलं.

पहिल्याच फटक्याला आवाज बदलला. चांगला रॉड तळणीतल्या वड्यासारखा एका सुरात चरचरतो. हा तडतडला, ओल्या मोहरीसारखा. सगुणाने करंट कमी केला, जास्त केला, हात हळू केला. तडतड थांबेना. दुसरा रॉड तसाच. तिसरा तसाच. तिने जोड पुरा केला, कारण थांबायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वरून तो बरा दिसत होता. बेन्वाने पट्टी कापली, प्रेसमध्ये घातली, दांडा दाबला, आणि पट्टी मध्येच फाटली. आतून भोकंच भोकं, तव्यावरच्या घावनासारखी.

कमळाकरने पहिल्यांदाच गॉगल काढला.

सगुणाने हातमोजा उतरवून डब्यातला एक रॉड उघड्या हातात घेतला. वरून कोमट. पण वरचं आवरण दमट होतं, बोटांना चिकटत होतं. तिने वास घेतला. नारळाचं पाणी.

आता हे कुणालाही चुकून झालंय असं वाटलं असतं. भोळी आई, पूजा करते, नारळ फोडते, पाणी शिंपडते, तिला बिचारीला काय ठाऊक? कमळाकर तेच बडबडायला लागला होता. पण सगुणा टेबलाकडे बघत होती. मशीनला कुंकू होतं. हेल्मेटला होतं. एजंटाला होतं. रॉडला नव्हतं. एकालाही नव्हतं. रॉड पुसून, गोळा करून, परत डब्यात घालून, झाकण नीट लावलेलं होतं. आणि डब्याची वायर बोर्डातून काढून शिस्तीत गुंडाळून ठेवली होती.

पूजा केलेली वस्तू कुणी पुसून लपवत नाही.

"आये," सगुणा म्हणाली.

काशीबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "काय."

बेन्वानेही रॉड हातात घेतला, वास घेतला आणि मिशीतून काहीतरी म्हणाला. मग सगुणाकडे वळला. "तुझ्या आईला विचार, हे तिने मुद्दाम केलं का?"

आता शेडमध्ये गंमत अशी होती की साहेबाला मराठी येत नव्हतं, आईला फ्रेंच येत नव्हतं, कमळाकरला जे येत होतं ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. मधे सगुणा एकटी उभी. ती जे सांगेल ते खरं. फक्त खाला दोन्हीकडचं ऐकत होती, आणि खाला या वेळी छताकडे बघत तसबीहची माळ ओढत होती.

"आये, तो विचारतोय, पानी मुद्दाम ओतलंस काय?"

काशीबाई भिंतीपासून सुटली. मग जी सुटली ती सुटलीच. "त्याला सांग, तुज्या देशात पोरी नाय काय लोखंर डागायला? बरफात माजी पोर नेतोस ती कशाला? आनि त्या मिश्या कापून ये, बिस्किटाचा भुगा अरकलाय त्यात. व्हय, ओतला मी पानी. मना ठावं व्हता, वरसानुवरसं तांदलात रॉड खुपसलेत माज्या, मना नाय ठावं तर कुनाला? अख्खा नारल ओतला. दुसरा असता तर तो पन ओतला असता. जा, काय करायचा ते कर."

हे सगळं बोटं नाचवत.

सगुणा बेन्वाकडे वळली. "ती म्हणते, आमच्या गावात तुमचं स्वागत आहे."

खालाला ठसका लागला.

"एवढं मोठं स्वागत?" बेन्वा म्हणाला. "बोटं नाचवत?"

"आमच्याकडे स्वागत असंच करतात."

"सगुने," काशीबाई म्हणाली. "मी येवरा बोलले आनि तू येवरासाच सांगितलास? मना काय येरी समजलीस? बराबर सांग त्याला. आनि हे पन सांग." तिचा आवाज खाली आला. "तुजा बापूस गेला तवा माजा नवरा व्हता. माज्याशी भांरायचा, ताट तसाच टाकून उठायचा, ओला टुवाल गादीवर फेकायचा. आला तो पावना होऊन आला. आज इतकी वरसं झाली, माज्या घरात मनाच पानी इचारतो. मना आनखी एक पावना नको."

सगुणाला यातली प्रत्येक गोष्ट ठाऊक होती. चादर ठाऊक होती, ताट ठाऊक होतं. पण ती सगळी एका धाग्यात ओवून कुणी तिच्यासमोर धरली नव्हती. तिला वाटायचं, बाबा नीटनेटके आहेत.

खोटं सांगणं अजूनही सोपं होतं. म्हातारी अडाणी आहे, धर्माचा प्रकार आहे, एवढं म्हटलं असतं तर साहेबाने मान डोलावली असती. पण समोर आई तिच्या ओठांकडे बघत होती, वाक्याची लांबी मोजत.

सगुणाने खरं सांगितलं. मिशांसकट सांगितलं. 'वियोग' वगैरे शब्द तिला फ्रेंचमध्ये येत नव्हते. ताट येत होतं, पाणी येत होतं, मीठ येत होतं, आणि पाहुणा तर फारच चांगला येत होता, कारण खाणावळीत दिवसभर तोच शब्द चालतो. ती म्हणाली, माझे वडील दूर कामाला गेले आणि पाहुणा होऊन परत आले. आई म्हणते, मी एका पाहुण्याला रोज जेवण वाढते, मला दुसरा नको. म्हणून तिने पाणी ओतलं.

बेन्वाने मिशीवरून हात फिरवला. भुगा खरंच होता.

"रॉड खराब होते," तो म्हणाला. "खराब रॉडची टेस्ट मी धरत नाही. नवीन रॉड देतो. पण या वेळी पट्टी फाटली तर कारण विचारणार नाही. आणि डब्यापाशी भरवशाचा माणूस बसव."

"मी बसतो ना," कमळाकर म्हणाला.

"नाय," सगुणा म्हणाली. "आये बसेल."

खालाची तसबीह थांबली. "मगज सरकला काय तुझा?"

सगुणाने नव्या रॉडांचा गरम डबा उचलला, आईच्या पुढ्यात ठेवला. राग होता तिच्या मनात, तो काही कुठे गेला नव्हता. "ओले तू केलेस. आता कोरडे पन तूच ठेव. एकेक रॉड मी मागेन तसा दे. नसंल ठेवायचे तर परत ओत, साहेबाच्या बाटलीत पानी हाय. मी कोनाला काय बोलनार नाय. उद्यापासून मिठागरात फावडं घेऊन येते तुज्यासंगती."

"मिठागरात आता कोन राबतो गो," काशीबाई म्हणाली. पण डबा तिने मांडीवर घेतला, पदराची घडी खाली घालून.

सगुणाने हेल्मेट ओढलं. काळ्या काचेमागे काही दिसत नाही, ठिणगी पेटल्यावर दिसतं ते फक्त बोटभर वितळतं लोखंड. मागे काय चाललंय ते कानांनीच कळत होतं. कमळाकर पाणी प्यायला जवळ आला असावा, कारण आईचा आवाज आला, "तिकरं पी. लांब. आनखी लांब." कुणी चहा आणला, त्याला तिने टेबलाच्या पल्याड पिटाळलं. खाला शिंकली तर तिलाही ऐकावं लागलं.

सगुणा एक रॉड संपवायची, हात मागे करायची, आणि हातात रॉड यायचा. गरम, कोरडा. चरचर एका सुरात. पुन्हा हात मागे, पुन्हा रॉड. हातमोज्यात येण्याआधी आई तो पदराने धरत असावी. सुती कापड तापल्याचा वास येत होता.

शेवटचा थर उरला. सगुणाने हात मागे केला.

हातात काही आलं नाही.

ती तशीच उभी राहिली. हेल्मेट वर करून बघता आलं असतं. तिने केलं नाही. शेडमध्ये कुठेतरी पंखा खडखडत होता. आई उठली तर लुगड्याची सळसळ ऐकू येईल, बाटलीचं झाकण उघडलं तर तेही, असं म्हणत ती कान टवकारून राहिली. हात दुखायला लागला. मग मोज्यावर रॉड टेकला. तिने धरला, ओढला, तर तो येईना. दुसरं टोक आईच्या हातात होतं.

"ताट घासायचा नाय," काशीबाई म्हणाली.

"काय?"

"घरी आलीस की ताट घासायचा नाय. पानी इचारायचा नाय. कबूल काय?"

"मी आता पन कुठं घासते?"

"तेच सांगते. सुदरू नको."

"कबूल," सगुणा हेल्मेटमधून म्हणाली, आणि रॉड सुटला.

पट्टी प्रेसमध्ये गेली. बेन्वाने दांडा दाबला. पट्टी वाकली, आणखी वाकली, बांगडीसारखी गोल झाली. त्याने ती उजेडात धरली, नख फिरवलं, भिंगातून पाहिली, आणि मग काशीबाईच्या हातात दिली. काशीबाईने ती उलटसुलट केली, मिठाचा खडा पारखावा तशी, आणि म्हणाली, "बरा झालाय." साहेबाने नारळाची दोन्ही शकलं एकट्याने खाल्ली, वर सुका जवळाही खिशात घातला. खालाने निघता निघता त्याला विचारून घेतलं की त्याच्या गावात चांगली खाणावळ आहे का, आणि नसल्यास का नाही.

क्युबेकमध्ये सगुणाचं काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर तिकडे बर्फ फार आणि मिरची कमी. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकाने तिचं हेल्मेट उचलून डोक्यावर घातलं, तेव्हा ती जिबूतीच्या छावणीतलं जे काही बोलली त्याने कामाच्या लाइनवरचे सगळे उठून उभे राहिले. तेव्हापासून तिला मान होता. आठवड्याला फोन व्हायचा. काशीबाई आधी रॉडची चौकशी करायची, कोरडे आहेत ना, मग पोरीची. गावातले ग्रिलवाले वेल्डर तर तिला वैतागले होते, कारण ती येता-जाता त्यांच्या पाकिटांना हात लावून बघायची आणि चारचौघांत नावं ठेवायची.

पहिल्या सुट्टीला सगुणा घरी आली. आंघोळ करून बाहेर आली आणि ओला टॉवेल गादीवर भिरकावला. काशीबाईच्या हातातला पळा हवेत थांबला.

"गादी तुज्या साहेबाची काय गो, भिजवायला?"

"वाळेल."

"वालेल म्हने. तिकरं हेच शिकलीस? येवरी घोरी झाली." काशीबाई बराच वेळ बोलत होती. तिचा आवाज चार घरं पलीकडे गेला आणि तिथल्या बायकांनी ओळखलं, सगुणा आली.

दुपारी तिघं जेवायला बसले. खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण होतं. सगुणा जेवली, बोटं चाटली, आणि काटे, भाताची शितं, सगळं ताटात तसंच सोडून उठली. दारात बसून फोन बघायला लागली.

काळुरामांचं जेवण झालं. नेहमीप्रमाणे त्यांनी ताट उचललं आणि उभे राहिले. लेकीच्या ताटाकडे पाहिलं. मग बायकोकडे. काशीबाई भाताच्या टोपात डोकं घालून बसली होती, पण टोपात काही नव्हतं.

त्यांनी ताट परत खाली ठेवलं. अगदी हळू, आवाज न करता, जणू फुटेल. आणि विचारल्याशिवाय माठातलं पाणी घेऊन, पिऊन, गडवा तिथेच कुठेतरी टाकून बाहेर निघून गेले.

काशीबाईने दोन्ही ताटं उचलली. मोरीवर बसली. "दोगं पन सारकी. बापूस तशी लेक. मी काय मोलकरीन हाय काय? हातपाय मोरले काय दोगांचे?" राख घेऊन ती ताटं अशी घासत होती की त्यांना कल्हई केल्यासारखी चकाकी आली, आणि शिव्या देत होती, एकीवर एक, अगदी दम लागेपर्यंत. दारातून सगुणाने एक-दोन फ्रेंच शिव्या सुचवल्या. त्याही तिने घेतल्या.